डोंगरफोड, झुळूक आणि आठवं कार्ड

रविवार, १३ जानेवारी १९५७. चिंचवड

मोठ्या कामाची नोंद असावी म्हणून ही वही. जुन्या हजेरीपटांतली कोरी पानं शिवून केली आहे, हे हेडमास्तरांना कळू नये.

सकाळी उद्धवराव घरी आले. स्टेशनाजवळ त्यांचा लिमलेटच्या गोळ्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, साखरेचा पाक उकळायच्या दोन कढया आणि गोळ्यांना कागद गुंडाळणाऱ्या तीस बायका. मी गावच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. कारखान्याची पाटी मी रंगवली, तेवढीच आमची ओळख.

त्यांनी कोटाच्या खिशातून दोन वस्तू काढून माझ्यापुढे ठेवल्या. एक पत्त्याएवढं जाड कार्ड, त्यावर हातात लाकडी दांडा घेतलेला गोरा माणूस. दुसरं रंगीत चित्रांचं पुस्तक, त्यात अंगाला चिकटलेले कपडे घातलेला एक जण घरांवरून उडतो. पिंपरीला पेनिसिलीनच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या एका अमेरिकन साहेबाकडे उद्धवरावांच्या घरचं दूध जातं. साहेबाच्या मुलाने हे दोन्ही टाकून दिलं होतं.

"हा दांडेवाला कोण?" मी विचारलं.

"बेसबॉल म्हनत्यात त्या खेळाला. तिकडं चघळायची गोळी मिळती, तिच्या पाकिटात ही चित्रं घालत्यात. पोरं चित्रासाठी गोळी घेत्यात, मास्तर! आन हा उडनारा, तो नुसता मनातला. आता मी म्हनतो, ह्या दोघांचं एकाच कार्डावर लगीन लावलं तर?"

म्हणजे पुढच्या बाजूला आपल्या भागातला खरा खेळाडू आणि मागच्या बाजूला त्याच्या तोडीचा, कल्पनेतला महावीर. आठ खेळाडू, आठ महावीर. खेळाडू उद्धवराव शोधणार, चित्रं सगळी माझी. चैत्रात चिखलीची जत्रा आहे, तिच्या आधी पाकिटं तयार हवीत.

मी "विचार करून सांगतो" म्हणालो आणि त्यांनी चपला घालेपर्यंत होकार देऊन टाकला.

सुमन कपबशा उचलताना म्हणाली, "त्या अमेरिकेत बायका खेळत नाहीत वाटतं?" सुमन म्हणजे माझी पत्नी. तिला असे काहीतरी प्रश्न पडतात.

गुरुवार, १७ जानेवारी

चार दिवस झाले, एक महावीर जमेना. काढायला जातो तो सगळे त्या उडणाऱ्याचे मावसभाऊ दिसतात. आज तर चिडून कागद फाडला.

सुमन तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मुंबई रस्त्यावर खडी फोडणारे बसतात ना, त्यांचे दंड बघितलेत का कधी? त्यातलाच एखादा डोंगराएवढा काढा की." मी म्हटलं, तू तांदूळ बघ.

थोड्या वेळाने मला एकदम सुचलं: डोंगरफोड! उघडाबंब, कमरेला धोतराचा काचा, दोन्ही हातांत दोन घण, मिशा खांद्यापर्यंत. घाव घातला की डोंगराची खडी. ही कल्पना कुठून येते, ते कलावंतालाही सांगता यायचं नाही.

रविवार, २७ जानेवारी

पहिल्या कार्डासाठी चिखलीचे कोंडाजी पैलवान आले होते. वय बेचाळीस, पण दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागले. गेली पंधरा वर्षं चिखलीच्या जत्रेतली शेवटची कुस्ती त्यांचीच असते. यंदा तळेगावचा एक तरणा पैलवान त्यांच्याशी लढणार आहे. गुडघ्याला त्यांनी निळं फडकं गच्च बांधलं होतं, बहुधा चित्रात उठून दिसावं म्हणून. मीही ते मन लावून काढलं.

तासभर ते छाती फुगवून उभे होते. शेवटी मीच म्हटलं, "पैलवान, श्वास सोडा. छाती काढून झाली मघाशीच."

डोंगरफोड पाहून त्यांचा चेहरा फुलला. "ह्यो माज्या मागं? झकास! पन मास्तर, मिशा माज्या बी वाढवा की थोड्या."

वाढवल्या.

गुरुवार, ३१ जानेवारी

सात खेळाडूंची चित्रं झाली. पिंपरीच्या कारखान्यातला हुतुतू खेळणारा ज्योतीराम आहे, देहूचा पट्टीचा पोहणारा आहे, बाकीचेही एकापेक्षा एक. कारखान्यात नेऊन उद्धवरावांना दाखवत होतो, तेवढ्यात गोजाबाई हात पुसत आली. कागद गुंडाळणाऱ्या बायकांची ती पुढारी. तिने चित्रं एकेक करून पाहिली.

"समदी बापयंच," ती म्हणाली.

"मग?" उद्धवराव म्हणाले.

"मग काय न्हाई. गोळ्या आमी गुंडाळायच्या, चित्तर आमी घालायचं, आन त्यात बाई एक बी न्हाई. बरंय." असं म्हणून ती गेली खरी, पण तीस बायकांनी एकदम हात थांबवले. शेडमध्ये नुसता पाक रटरटल्याचा आवाज. उद्धवरावांनी दहा मोजेपर्यंतही धीर धरला नाही. "आठवं कार्ड बाईचं!" ते ओरडले आणि मग हळूच मला म्हणाले, "मास्तर, आता ती तुमी शोधा."

खेळणारी बाई कुठून आणू? घरी येऊन सुमनला हे सांगितलं. ती म्हणाली, "नीट शोधलं तर घरातसुद्धा सापडेल एखादी." घरात कोण आहे? शेजारच्या खोलीतल्या यशोदाबाईंना तर संधिवात. सुमनची थट्टा मला कधी कळत नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी. रथसप्तमी

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

कारखान्याच्या अंगणात बायकांचं हळदीकुंकू होतं. गोजाबाईचा निरोप होता, "मागनं खो-खो खेळनार हाय आमी. तुमी कुंपनाभायेर उभं ऱ्हावून बघा, आन पळनारी निवडा." मी वही-पेन्सिल घेऊन बाभळीच्या आडोशाला उभा राहिलो.

बाया पदर खोचून बसल्या. सुरुवातीला नुसता हसण्याचा गोंधळ. मग एक हिरव्या लुगड्याची पळायला उतरली आणि हसणं थांबलं. ती पळत नव्हती, सटकत होती. मारणारी हात लांब करी आणि हात पोहोचेपर्यंत ही दोन बायांमधून पलीकडे. खांबाशी अशी वळे की वाटावं, खांबच तिच्याभोवती फिरला. गोजाबाईसारख्या गोजाबाईला धाप लागली. मी भराभर रेघा ओढत होतो. पाय जमले, कंबर जमली, खोचलेला पदर जमला. चेहरा काढायला वर पाहिलं, तर ती सुमन.

पेन्सिलीचं टोक मोडलं.

घरी येताना मी विचारलं, "हे तू कुठे शिकलीस?"

"कराडला. शाळेत असताना. तीन वर्षं ढाल आमच्याकडे होती."

"मला बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत." हे तिने रागाने नाही म्हटलं. ती अजून धापा टाकत होती आणि तिचे गाल लाल झाले होते. नऊ वर्षं झाली लग्नाला. हे हिरवं लुगडं मीच आणलं होतं. ते नेसून कुणाला पळता येईल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

काळजी वाटते. मास्तराच्या बायकोचं चित्र गोळ्यांच्या पाकिटात! हेडमास्तर काय म्हणतील? सुमनला म्हटलं, नाव न घालता नुसतं चित्र छापू.

"कोंडाजी पैलवानांचं नाव आहे ना?" तिने विचारलं.

"आहे."

"मग?"

कार्डावर "सौ. सुमनताई, चिंचवड" असं घातलं आहे.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

सुमनच्या पाठीमागच्या महावीराचं काम अडलं होतं. आज ती दोरीवर कपडे वाळत घालत होती. वाऱ्याने लुगडं फडफडलं, तशी म्हणाली, "याला धरायला गेलं की निसटतं बघा."

लगेच मला झुळूक सुचली. निळी, सडपातळ, पाय जमिनीला न टेकणारी. तिच्यावर कुणी झडप घातली की हाताला फक्त गार हवा लागते. आठही महावीरांत ही सर्वांत सुंदर झाली. चित्रं उद्या पुण्याला छापखान्यात. तिथे निवडणुकीच्या पत्रकांचे ढीग आहेत. मालक म्हणाला, "मत टाकून होऊ द्या, मग तुमचे पैलवान."

मंगळवार, २६ मार्च

घात झाला.

कार्डं गेल्या आठवड्यात आली. मला शाळेच्या परीक्षेच्या कामातून वेळ नव्हता. उद्धवरावांनी गठ्ठे सरळ शेडमध्ये दिले. आज सगळी पाकिटं बांधून तयार झाली, तेव्हा एक घरी नेण्यासाठी उघडलं. कोंडाजी पैलवान निघाले. रंग छान, मिशा छान. कौतुकाने कार्ड उलटलं. मागे झुळूक.

दुसरं पाकीट फोडलं, तिसरं फोडलं. पाठीमागची बाजू छापताना छापखान्याने कागद उलटा लावला आहे. पहिल्याचा महावीर आठव्याला, आठव्याचा पहिल्याला, दुसऱ्याचा सातव्याला, असे सगळेच. शिवाय महावीर खाली डोकं वर पाय. चिखलीच्या पैलवानामागे नाजूक निळी पोरगी आणि माझ्या बायकोमागे उघडाबंब डोंगरफोड, खांद्यापर्यंत मिशांसकट!

"गोजाबाई, तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"आलं की," गोजाबाई म्हणाली. "आमाला वाटलं, मुद्दामच केलंय. बरं दिसतंय."

पुन्हा छापायला वेळ नाही. तीस बायकांची आठवड्याची मेहनत फोडून टाकायची कशी? उद्धवराव कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, "गप बसा, मास्तर. कोन पालथं करून बगतंय?" पण पालथं करून बघण्यासाठीच तर ते कार्ड आहे!

घरी सुमनला दाखवलं. ती आधी पाहत राहिली, मग हसता हसता खाली बसली. "याच्या मिशा तरी जरा कमी काढायच्या होत्या," एवढंच म्हणाली.

बुधवार, २७ मार्च

जेवण गेलं नाही. कोंडाजी पैलवानांचा पंजा डोळ्यांपुढून हलत नाही. बरं, पंज्याचंही काही नाही. त्या माणसाने माझ्यावर विश्वासून तासभर छाती फुगवून धरली. आता भर जत्रेत, कुस्तीच्या दिवशी, सगळा गाव त्याला हसणार, आणि ते माझ्या चित्रामुळे. उद्धवराव म्हणतात तसं गप्प बसलो, तर त्याला ते तिथेच, आखाड्याच्या कडेला कळेल.

सुमन म्हणाली, "जत्रेआधी चिखलीला जाऊन तोंडावर सांगून या. ते पैलवान आहेत, राक्षस नाहीत."

मी बराच विचार केला आणि स्वतःच जाऊन सांगायचं ठरवलं.

शुक्रवार, २९ मार्च

शाळा सुटल्यावर सायकल काढली. चिखलीच्या तालमीत पैलवान एकटेच मातीत पाणी शिंपडत होते. लंगोट कसलेला, गुडघ्याला तेच निळं फडकं. मी रस्ताभर पाठ केलेलं भाषण विसरलो आणि नुसतं कार्ड पुढे केलं.

त्यांनी पुढची बाजू पाहिली. हसले. मागची बाजू पाहिली. कार्ड फिरवून सुलटं करून पाहिलं.

"ही कोन?"

"झुळूक. चूक झाली, पैलवान. छापखान्याची. म्हणजे माझीच, मी तपासायला हवं होतं."

"आन माजा डोंगरफोड कुनाला दिला?"

खोटं बोलायला जीभ वळेना. "माझ्या बायकोला."

पैलवानांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, आता उचलतात. पण ते हसत होते. आधी मुक्याने, मग असे मोठ्याने की आढ्यावरची पाखरं उडाली.

"मास्तर, मग माज्यापरीस तुमचंच वंगाळ झालंय की! मला काय, कार्ड खिशात ठिवीन. तुमाला घरात ऱ्हायचंय!"

त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. हसू ओसरल्यावर पुन्हा कार्ड निरखू लागले.

"हिला ताकद किती?"

"ताकद नाही तिला. तिला धरताच येत नाही. समोरचा जोर लावतो आणि त्याच्या हाताला वारा लागतो. धरून धरून तोच दमतो."

"ताकद लागतच न्हाई व्हय?" त्यांनी अंगठ्याने गुडघ्यावरचं फडकं दाबलं. "आन पळताना पाय कसा टाकती ही?"

मी झुळकीच्या पायांचं काय सांगणार? ते पाय मी सुमनचे पाहून काढले होते. तसं सांगितलं आणि रथसप्तमीचा सगळा खो-खो वर्णन करून सांगितला. ती हात येईपर्यंत थांबते कशी, मग वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं नेते, समोरच्याच्या खांद्याकडे बघून आधीच कसं ओळखते. पैलवान फार बारकाईने विचारत होते. मला उठवून दोनदा करूनही दाखवायला लावलं. कलेची अशी आवड असलेला पैलवान मी पाहिला नव्हता.

निघताना म्हणाले, "रागबीग काय न्हाई. कार्डं वाटा बिनघोर."

रविवार, ७ एप्रिल. चिखलीची जत्रा

सकाळपासून पाकिटं हातोहात गेली. आणि मुलं! मला वाटलं होतं, चुकलेली जोडी पाहून हसतील. हसलीच, पण मग दुसरं पाकीट, तिसरं पाकीट. "माझ्याकडं दोन झुळकी, तुझा डोंगरफोड दे!" महावीर उलटे छापलेत म्हणून काही जण खाली डोकं करून कार्ड बघत होते. कारखान्यातल्या बायकांनी सुमनला मधोमध घेतलं होतं, आणि अनोळखी मुली लांबून बोट दाखवत होत्या, "तीच बघ, डोंगरफोडवाली!" मी तिच्याकडे चोरून पाहिलं. तिने पदर नीट केला आणि मान ताठ ठेवली.

तिसऱ्या प्रहरी शेवटची कुस्ती. तळेगावचा पैलवान पंचविशीचा, कोंडाजींच्या दीडपट. हलगी कडाडली. पहिल्याच झटक्याला तो तुटून पडला आणि मी डोळे मिटले. उघडले तर कोंडाजी तिथे नव्हतेच! ते बाजूला उभे होते आणि तळेगावकराच्या मिठीत वारा. पुन्हा झडप, पुन्हा तेच. एवढा अवजड माणूस, पण पट काढायला, म्हणजे पाय ओढायला, हात आला की शेवटच्या क्षणी वजन दुसऱ्या पायावर नेऊन निसटायचा. आधी लोक गोंधळले. मग पोरांच्या घोळक्यातून एक आवाज आला, "झुळूक!" आणि मग सगळ्या आखाड्याभोवती तेच, "झुळूक! झुळूक!"

सुमनने माझी बाही घट्ट धरली होती. "खांद्याकडे बघतायत ते," ती पुटपुटली. "बरोबर बघतायत."

पाऊण तास कुस्ती चालली. तरणा गडी घामाने निथळून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. सोळाव्या वर्षीही चिखलीच्या आखाड्यात कोंडाजींची पाठ लागली नाही.

फेटा बांधून घेतल्यावर ते लंगडत आमच्याकडे आले. सुमनला दोन्ही हात जोडून म्हणाले, "ताई, तुमचं पाय लई उपेगी पडलं."

सुमन लाजली. मी म्हटलं, "पैलवान, सगळी कला चित्राची!" ती दोघं एकमेकांकडे बघून हसली. कशाला, ते मला समजलं नाही, पण मीही हसलो.

बुधवार, १० एप्रिल

हेडमास्तरांनी बोलावलं. टेबलावर आठवं कार्ड.

"हे तुमचं काम?"

"हो, सर."

"या आपल्या कुटुंबातल्या?"

"हो, सर. पाठीमागचे गृहस्थ आमच्यातले नाहीत. ते छापखान्याच्या चुकीने..."

"ते राहू द्या. माझी धाकटी मुलगी दोन दिवस परकराचा काचा मारून घरभर पळते आहे. आज शाळेतल्या अकरा मुलींचा अर्ज आला, आम्हालाही खो-खो हवा म्हणून. मुलींना शिकवायला आपल्याकडे कुणी नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सुमनताई येतील का? रोज संध्याकाळी तासभर."

मी म्हटलं, येतील. मग म्हटलं, नाही, म्हणजे तिला विचारतो. हेडमास्तरांनी मान हलवली.

घरी विचारलं. सुमन उठली. आत जाऊन ट्रंक उघडली आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. बाहेर आली, तेव्हा हातात पत्र्याची जुनी शिट्टी होती. डोळे ओले होते आणि शिट्टी वाजते का, ते बघत होती.

गुरुवार, १८ एप्रिल

उद्धवराव भलतेच खुशीत. पुण्याहून, लोणावळ्याहून पाकिटांची मागणी आहे. आळंदीच्या दुकानदाराला फक्त उलटीच कार्डं हवीत, सुलटी चालणार नाहीत. "मास्तर, दिवाळीला नवी आठ काढू. बोला, कोन घ्यायचं?"

पूर्वी मी तिथेच आठ नावं सांगितली असती. आज तोंडून निघालं, "सुमनला विचारून सांगतो." का ते माहीत नाही, पण बरं वाटलं.

संध्याकाळ होती, म्हणून वही घेऊन तडक शाळेच्या मैदानावर गेलो. सुमन कमरेला पदर बांधून खांबाशी उभी होती. नऊ मुली तिच्याकडे डोळे लावून. मी हाक मारली, "अगं, उद्धवराव विचारतायत, नवे आठ..."

"नंतर," ती म्हणाली. "आधी इथे बसा. आज दोन मुली आल्या नाहीत, पाटीवर माणूस कमी आहे."

"मी? कोट घालून?"

"कोट काढा."

काढला. दोन वेण्यांच्या मुलींमध्ये उकिडवा बसलो. मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. शिट्टी वाजली. मागून धपधप पावलं आली, पाठीवर थाप बसली आणि कानाशी कुणीतरी खच्चून ओरडलं, "खो!"

मी उठून जिवाच्या आकांताने पळालो. उलट्या बाजूला.